पाखरू बसलं गुंडाप्पाच्या दगडावर

माझं नाव सोपान, जातीचा परीट, आन आमी मूळचे धाराशिवचेच. जन्म वेशीच्या आतला खरा, पण वाढ सगळी तळ्याच्या काठावर झाली, आई दगडावर कपडे आपटायची आन मी तिच्या पाठीमागं लिंबाला बांधलेल्या झोळीत, त्यामुळं अंगाईच्या आधी मला धोपटण्याचा आवाज कळला असं आजा म्हणायचा. कागदावर तवा गावाचं नाव उस्मानाबाद होतं, निजामाचा अंमल, कचेरीत समदं उर्दू, पण आमच्या तोंडात धाराशिव ते धाराशिवच. तळं गावाला अगदी चिकटून, एका अंगाला वेस, एका अंगाला सरकारी शाळा, आन उताराच्या बाजूला आमचा परटांचा घाट. घाट म्हणजे काय, दोन दगड. एक आमचा आन एक गुंडाप्पाचा. मी आज जे काय सांगणार हाय ते त्या दोन दगडांचंच हाय, तवा तेवढं ध्यानात ठेवा.

तुमी पाखरांचं विचारायला आलात, कुणीतरी सांगितलं असंल की सोपान परटाला तळ्यावरची समदी पाखरं ठावी हायत. हायत ठावी, पण कौतुकानं न्हाय, भीतीनं. काय सांगू तुमाला, परटाचा वैरी कोण, तर चिखल न्हाय आन पाऊस बी न्हाय, बगळा. सोड्याच्या भट्टीतून काढून, नीळ देऊन, खळ देऊन कुणा साहेबाची पांढरी शेरवानी दोरीवर घालावी, आन वरनं जाता जाता बगळ्यानं आपलं काम उरकून घ्यावं, की झालं, पुन्हा पहिल्यापासनं. म्हणून आमची नजर अर्धी कपड्यावर आन अर्धी आभाळात. मृगाच्या आधी टिटवी अंडी कुठं घालती ते मी बघायचो, उंचावर घातली की आमी दोऱ्या बी उंचावर न्यायच्या, कारण पाणी चढणार. श्रावणात टिबुकल्या पिल्लं पाठीवर घेऊन हिंडायच्या, आन एवढीशी टिबुकली बुडी मारून कुठं निघंल ह्याच्यावर मी आन माझी बायको गोदा पैज लावायचो, जिंकायची तीच. दिवाळी झाली की बदकं उतरायची, थव्यानं, ती पाण्यात राहून पाण्यातच शिटायची म्हणून मला त्यांचा लई आदर. उन्हाळ्यात तळं आटून थाळीएवढं झालं की लांब तांबड्या पायांचा शेकाट्या चिखलात असा पाय उचलून चालायचा जसा नवा जावई शेणातनं चालतो. आन खंड्या तर माझ्या खुंटीवर बसून मासा असा आपटायचा, असा आपटायचा, की वाटावं ह्याला एक गाठोडं द्यावं.

पण ह्या समद्यात एक पाखरू आमच्या जातीचं. चिमणीपेक्षा जरा लांब, काळंपांढरं, पाठ राखी, आन शेपूट सारखी खालीवर, खालीवर, उभं राहून धुणं धुतल्यावाणी. त्याचं नावच परीट. मास्तरसाब त्याला ममोला म्हणायचे, मास्तरांचं पुढं सांगतो. तर हे पाखरू बारमाही न्हाय, घट बसायच्या सुमाराला येतं आन पाडव्याच्या आतबाहेर जातं, कुठनं येतं ते त्यालाच ठावं. आन आलं की पहिलं बसतं घाटावरच्या दगडावर, दुसरीकडं न्हाय. आता त्या एवढ्याशा पाखरापायी माझं निम्मं आयुष्य जळण्यात गेलं, ते कसं ते ऐका.

आमच्या गावच्या देवीची पालखी दसऱ्याला शीव ओलांडायला निघती, आन पालखीपुढं पायघड्या घालायचा मान परटाचा. पांढऱ्याफेक धोतरांची वाट, त्यावरनं देवी चालत न्हाय, भोई चालतात, पण मान देवीचा. पूर्वी हा मान आमच्या घराचा होता. मग आज्याच्या वेळेला उमरग्याकडनं गुंडाप्पाचा आजा आमच्याच भावकीतल्या परटाच्या घरी घरजावई आला, कानडी बोलणारा, डावऱ्या हाताचा, आन तो म्हणला, मान सासऱ्याचा म्हणजे माझा. दोन्ही आज्यांनी एका दसऱ्याला एकाच धोतराची दोन टोकं धरून पालखीपुढं अशी ओढाओढ केली की धोतर फाटलं, भोई घसरला, आन पालखी कलली. देवी पडली न्हाय एवढंच. तवा गावचे पंच म्हणले, तुम्हा दोघांत अक्कल न्हाय, पाखरात असंल. औंदापासनं परीट पाखरू ज्याच्या दगडावर पहिलं बसंल त्याच्या पायघड्या. तवापासनं तीच रीत. साक्षीला एक मधला माणूस नेमायचा, ज्याला ना ह्या घराचं देणं ना त्या घराचं घेणं.

माझ्या बापाच्या वेळेला पाखरू कधी हिकडं बसायचं कधी तिकडं, बाप म्हणायचा, चालायचंच. पण बाप गेला, दगडावर मी उभा राहिलो, आन पाखरानं माझ्याशी कसलं वैर धरलं कुणास ठावं. पहिल्या साली गुंडाप्पाकडं. दुसऱ्या साली गुंडाप्पाकडं. तिसऱ्या साली माझ्या डोक्यावरनं, बघा, अगदी डोक्यावरनं उडत गेलं आन गुंडाप्पाच्या दगडावर बसून माझ्याकडं शेपूट हलवाया लागलं. गुंडाप्पा म्हणजे तरी काय, माझ्याच वयाचा, नाक बसकं, बोलायचा निम्मं मराठी निम्मं कानडी, त्याच्या आज्यावाणीच डावरा. पण दसऱ्याला फेटा बांधून पालखीपुढं धोतर असं सोडायचा की ते हवेत एकदा फुगायचं आन मग सुरकुती न पडता खाली बसायचं, आन बायका म्हणायच्या, किती छान बाई. त्या बायकांत माझी गोदा बी. घरी येऊन म्हणायची, अवं, तुमी बघितलं का कसं फुगलं ते. मी म्हणायचो, मला धोतर फुगवाया देवीनं नेमलं असतं तर म्या बी फुगवलं असतं. ती म्हणायची, देवीनं न्हाय, पाखरानं. तिच्या बोलण्याला असं टोक असायचं.

चौथ्या साली म्या ठरवलं, पाखराला आपण काय खाऊ घातलं पाहिजे. पाखरू किडे खातं, किडे गोडावर येतात, म्हणून म्या दगडाला गूळ चोळला. किडे आले, पण ते मुंगळे होते. पाखरू तिकडंच, आन माझ्याकडं तहसीलच्या पेशकारसाहेबाच्या पायजम्यात मुंगळे. पायजमा वाळला, इस्त्री झाली, घरी पोचला, आन मुंगळा नेमका साहेब कचेरीत बसल्यावर जागा झाला. काय सांगू, दोन महिने मी साहेबाच्या वाड्यापुढनं जाताना खाली बघून जायचो.

पाचव्या साली अक्कल जास्त आली. म्या दगडाच्या बाजूला शेणाचा ढीग केला, त्यात माश्या होतील आन माश्यांवर पाखरू येईल. माश्या लई झाल्या. कपड्यांना असा वास बसला की नीळ दिली, खळ दिली, काय केलं तरी जाईना, आन एकेक घर आपलं गाठोडं उचलून गुंडाप्पाकडं न्यायला लागलं. गुंडाप्पा बिचारा माझ्याकडं येऊन म्हणला, सोपाना, तुझी गिऱ्हाइकं मला नकोत रे, मला एवढं जमत न्हाय, तू ते शेण काढ की. त्याचं ते बिचारेपण मला गुळावरच्या मुंगळ्यापेक्षा जास्त चावलं. मत्सर करायला बी समोरचा माणूस जरा वाईट असावा लागतो, त्याशिवाय चव येत न्हाय.

आता मास्तरसाबांचं सांगतो. सरकारी शाळेत उर्दूचे एक मास्तर होते, हैदराबादचे, लांब अचकन, खिशात दुर्बीण. सकाळी फजरची नमाज झाली की तळ्यावर येऊन दुर्बीण लावून बसायचे, आन वहीत लिहायचे कोणतं पाखरू कवा आलं, कवा गेलं. मला नावं विचारायचे. ह्या मातकट बगळ्याला तुमच्यात काय म्हणतात, त्या काळ्या बुडी मारणाऱ्याला काय म्हणतात. मी सांगायचो, ढोकरी, पाणकावळा, आन ते उर्दूत लिहून घ्यायचे, आन मला वाटायचं आपण बी कुणीतरी हाव. त्यांना ह्या मानापानाचं काय पडलेलं नव्हतं म्हणून पंचांनी त्यांनाच साक्षीला नेमलं. आमी दोघं त्यांच्यापुढं भांडाया लागलो की म्हणायचे, कायकू लड़ते मियाँ, परिंदा है, तहसीलदार नै. पण वही उर्दूत, आन मला वाटायचं हे गुंडाप्पाच्या बाजूनं लिहीत असणार, न्हायतर दरवर्षी तोच कसा. एकदा म्या सरळ विचारलं, मास्तरसाब, ते पाखरू तिकडंच का बसतं. ते हसून म्हणले, सोपान मियाँ, ढाळ उधर है. म्हणजे काय, तर माझ्या दगडावरचं साबणाचं पाणी उतारानं गुंडाप्पाच्या दगडाखाली जातं, तिथं चिलटं होतात, ती खायाला पाखरू जातं. म्हणजे मळ मी काढायचा आन मान त्यानं घ्यायचा.

पण जळणाऱ्या माणसाला खरं कारण पटत न्हाय. मला वाटलं, ढाळबिळ काय न्हाय, गुण दगडाचा हाय. त्याच्या दगडात काहीतरी हाय. आन मग सहाव्या साली म्या जे केलं ते आजवर पंचांपुढं बोललो न्हाय, तुमाला सांगतो. घट बसायच्या दिवशी पहाटं, तांबडं फुटायच्या आत, गोदाला उठवलं, पहार घेतली, गाढवाला दोर बांधला, आन गुंडाप्पाचा दगड उचकटून माझ्या जागी आणला आन माझा त्याच्या जागी नेऊन बसवला. दोन्ही दगड एकाच खाणीतले, काळे, सारखेच उतरते, दोन्ही आज्यांनी एकाच गाड्यात आणलेले. गोदा सारखी म्हणत होती, अवं, देवीचं काम असं चोरून करतात व्हय. मी म्हणलो, गप, दोर ओढ. गाढवाला बी पटलेलं नव्हतं, पण त्यानं निदान तोंड उघडलं न्हाय.

दिवस वर आला, गुंडाप्पा आला. पहिलं धोतर दगडावर आपटलं. थांबला. दगडावरनं हात फिरवला. माझ्याकडं बघितलं, उगंच हसला, आन पुन्हा आपटाया लागला. मला वाटलं, खुळ्याला काय कळलं न्हाय.

तिसऱ्या माळेला पाखरू आलं. मास्तर दुर्बीण लावून बसलेले. पाखरानं तळ्यावर एक गिरकी घेतली, माझ्यावरनं गेलं, आन गुंडाप्पाच्या जागी जाऊन बसलं. त्याच्या जागी, पण माझ्या दगडावर. माझ्या आज्याच्या, बापाच्या, माझ्या दगडावर. मी पाण्यातनं ताडकन उभा राहिलो आन म्हणलो, मास्तरसाब, तो दगड. मास्तर म्हणले, क्या बोला मियाँ. आन माझ्या ध्यानात आलं, की दगड माझा म्हणलं तर आधी दगड तिकडं कसा गेला ते सांगावं लागंल. मी खाली बसलो. म्हणलो, कुछ नै. मास्तरांनी बराच वेळ दुर्बीण डोळ्याला लावून ठेवली आन मग वहीत लिहिलं. त्या दसऱ्याला गुंडाप्पाचं धोतर जरा जास्तच फुगलं.

मग म्या गोदाला म्हणलं, चल, दगड परत करू. ती म्हणली, पाखराला बी कळंना आन तुमाला बी कळंना, आता धुवा जन्मभर त्याच्याच दगडावर. एकट्याच्यानं तो हलणारा नव्हता. तो तसाच राहिला, आन खरी शिक्षा पुढंच होती. गुंडाप्पा डावरा, त्याचा आजा डावरा, दोघांच्या हातानं तो दगड डाव्या अंगाला झिजलेला. मी उजवा. आपटलेलं धोतर सरळ खाली यायचं सोडून बाजूला घसरायचं, ते सावरता सावरता माझा उजवा खांदा असा धरला, असा धरला, की घास तोंडात घालताना कळ यायची. कुणी विचारलं काय झालं, तर सांगायचो, वात हाय. गोदा एरंडाचं पान बांधताना म्हणायची, वात न्हाय, पाप हाय. असं एक साल न्हाय, पाच सालं. आन पाचही सालं पाखरू त्याच्याच जागी.

मग रझाकाराचं साल आलं. ते तुमी पुस्तकात वाचलं असंल, मी काय सांगू. कुणी कुणाशी धड बोलंना, संध्याकाळी कवाडं लागायची, कपडे यायचे ते बी निम्मे. गुंडाप्पाच्या मेव्हण्याला नळदुर्गाच्या वाटेवर मार बसला, तसं त्यानं बिऱ्हाड गाढवावर घातलं आन बार्शीला जायचं ठरवलं, तिकडं इंग्रजाची जुनी हद्द, आपल्यातले बरेच जण गेले होते. निघताना घाटावर आला. म्हणला, सोपाना, बरतो रे, येतो मी, दगडावर शेवाळ तेवढं धरू देऊ नको. मी तोंडानं म्हणलो, जा, जपून जा. आन मनात काय आलं सांगू का, लाज वाटती पण सांगतो. माणूस जीव घेऊन चाललाय, लेकरं गाढवाच्या शेपटीमागं अनवाणी चाललीत, आन माझ्या मनात आलं, आता बघू औंदा पाखरू कुठं बसतंय.

त्या पावसाळ्यात तळं तुडुंब भरलं. टिबुकल्या आल्या, पाणकोंबड्या आल्या, ढोकऱ्या काठाला उभ्या राहिल्या, त्यांना कुठलं राज्य न् कुठला राजा. म्या गुंडाप्पाच्या जागचा दगड घासला न्हाय. मुद्दामच. त्याच्यावर शेवाळ धरलं, हिरवंगार, घसरडं, पाखराचा पाय ठरू नये असं. दोन महिन्यांनी एकदा बघता बघता आठवलं, की तो दगड तर माझाच हाय, माझ्या आज्याचा. म्हणजे म्या माझ्याच आज्यावर शेवाळ धरू दिलं. तवा घासाया बसलो, तर ते निघंना.

भादव्यात हिंदुस्थानची फौज आली, सोलापूरकडनं नळदुर्गावरनं, चार दिवसांत निजामाचं सरलं. लोकांनी गूळ वाटला. पण त्याच दिवसांत ज्यांनी कुणाचं काय केलं नव्हतं अशांचे बी हाल झाले, हे बी बघितलं ह्या डोळ्यांनी, त्याच्याबद्दल गूळ वाटत न्हाय कुणी. मास्तरसाब एका सकाळी तळ्यावर आले, दुर्बीण न्हाय, काखेत नुसती वही. म्हणले, सोपान मियाँ, भाई के घर जा रहा हूँ, हैदराबाद. वही माझ्या हातात दिली. इस साल तुम लिखो. मी म्हणलो, मास्तरसाब, मला लिहाया कुठं येतं. ते म्हणले, तो देखो, बस. तळ्याकडं एकवार बघितलं आन गेले. परत आले न्हाय. हैदराबादला पोचले का तेबी कळलं न्हाय.

घट बसले. गावानं ठरवलं, औंदा पालखी थाटात निघणार. घाटावर मी एकटा. धुवाया फारसं काय नव्हतंच, लोकांचं चित्त थाऱ्यावर नव्हतं, कपड्याकडं कोण बघतो. मी नुसता पाण्यात पाय सोडून गप बसलो होतो. दुसरी माळ. आन पाखरू आलं. एक गिरकी मारली, गुंडाप्पाच्या जागेवरनं गेलं, शेवाळ बघितलं असंल, आन आलं ते माझ्या जागी, माझ्या मांडीपासनं चार हातांवर, दगडाच्या टोकाला बसलं. शेपूट खालीवर, खालीवर.

अकरा सालं ज्याच्यापायी जळलो ते झालं. मी मागं वळून बघितलं, कुणाला तरी दाखवावं म्हणून. मास्तरांच्या बसायच्या जागी कुणी न्हाय. गुंडाप्पाच्या जागी कुणी न्हाय. तळ्याकाठी एक ढोकरी, ती माझ्याकडं बघत बी नव्हती. काय सांगू तुमाला, ज्याच्या पुढं जिंकायचं तोच न्हाय म्हणल्यावर जिंकणं म्हणजे नुसतं पाखरू बसलेलं असतं. घरी येऊन गोदाला सांगितलं. ती भाकरी थापता थापता म्हणली, कधी नव्हं ते गप बसला असाल, म्हणून आलं. मग भाकरी तव्यावर टाकून म्हणली, गुंडाप्पाला सांगितलं पाहिजे. मला तेच पाहिजे होतं, पण तिच्या तोंडनं.

दुसऱ्या दिवशी येडशीपर्यंत चालत गेलो, तिथनं छोट्या रेल्वेनं बार्शी. गुंडाप्पा तिथं एका ओढ्यावर दुसऱ्याच्या दगडावर कपडे आपटत होता, वाळून काटकी झालेला. मला बघून हातातलं धोतर तसंच राहिलं. म्हणला, येन सोपाना, सगळं ठीक ना. वाटेत म्या ठरवलं होतं की त्याला खिजवायचं, पाखरू माझ्याकडं बसलं म्हणून सांगायचं आन त्याचं तोंड बघायचं. पण ते तोंड आधीच एवढं उतरलेलं होतं की आणखी उतराया जागाच नव्हती. माझ्या तोंडनं निघालं, पाखरू आलंय, तुझ्या दगडावर बसलंय, चल, पायघड्या कोण घालणार.

 तो धोतर पिळत पिळत म्हणला, माझ्या दगडावर, का माझ्या जागी.

 तो म्हणला, उजवा खांदा कसा हाय तुझा. दुखत असंल की रे, पाच सालं झाली. मी म्हणलो, तुला ठावं होतं. तो म्हणला, बापाचा दगड हाय तो, पहिल्या धोतरालाच आवाज ऐकला. आईची हाक बदलली तर कळत न्हाय व्हय. मी म्हणलो, मग बोलला का न्हाईस. तर म्हणला, बोललो असतो तर तू परत केला असतास, आन तुझा दगड लई चांगला हाय, सोपाना, सपाट, माझ्या डाव्या हाताला बी बरा पडतो. पाच सालं सुखानं धुतले म्या त्याच्यावर.

बघा म्हणजे. मी चोर, आन चोरीत फायदा त्याचा.

मग म्या खरं ते सांगितलं, की पाखरू माझ्या जागी बसलं. तर तो लेकाचा हसाया लागला, ओढ्यात बसून हसला. म्हणला, तुझ्या जागी म्हणजे माझ्याच दगडावर की. तू खोटं बोलाया आलास आन खरं बोलून बसलास. तवा मला कळलं की ह्या जन्मी ह्या माणसापुढं आपल्याला काय जिंकता येणार न्हाय. पण हसून झाल्यावर डोळे पुसून म्हणला, ही पाच सालं पंचांनी जागाच धरून मला मान दिला, दगड न्हाय धरला. रीत म्हणजे रीत. औंदाचा मान तुझा. चल, गाठोडं बांधतो.

पाचव्या माळेला आमी परत आलो. पहिलं काम, दोघांनी पहार लावून दगड आपापल्या जागी नेले, दिवसाढवळ्या, आन पंच विचाराया लागले तर गुंडाप्पा म्हणला, शेवाळ लई झालं होतं, उलटून घासायचे हायत.

साक्षीला मास्तर नव्हते, गुंडाप्पाचं म्हणणंच पंचांनी साक्ष धरलं, आन दसऱ्याला माझ्या पायघड्या. फेटा बांधला, धोतर उचललं, आन खांद्यात अशी कळ आली की ते फुगायचं सोडून गोळा होऊन खाली पडलं. पुढचा भोई मला म्हणला, अरे नीट घाल की, देवी हाय का गाठोडं. पण खरं सांगू, माझ्या धोतराकडं कुणी बघतच नव्हतं. समदं गाव गुंडाप्पाभोवती. बार्शीहून परत आला, बाबा परत आला, म्हणून कुणी मिठी मारतंय, कुणी त्याची लेकरं उचलून घेतंय, बायका ओवाळतायत. त्या बायकांत गोदा बी. अकरा सालांनी मान मिळाला, आन त्या दिवशी गावाला मानाची गरजच नव्हती, माणसाची होती.

पुढं कितीक सालं आमी आपापल्या दगडावर धुतलं. पाखरू कवा माझ्याकडं, बहुतेक त्याच्याकडं. ढाळ तिकडं, काय करणार. गुंडाप्पा गेला त्याला आता सहा सालं झाली. गेला तेबी कवा, तर घट बसले त्या दिवशी, आन तिरडी बांधत होते तवा त्याच्या अंगणात परीट पाखरू येऊन बसलं, लोकांनी हात जोडले. मरणात बी माझ्या पुढं. मी रडलो लई, पण रडता रडता मनात तेच आलं, आता हे बी ह्यालाच.

मास्तरांची वही अजून माझ्या पेटीत हाय. मागं एका शिकलेल्या मुसलमान पोराला दाखवली, त्यानं वाचून दाखवली. कोणत्या साली बदकं कवा आली, शेकाट्या कवा गेला, माझं नाव बी हाय, सोपान ने बताया, सोपान ने बताया. आन त्या दगड बदलल्या सालचं पान काढाया लावलं, तर तिथं लिहिलंय, ममोला आज आया, पत्थर बदल गए हैं, दोनों को मालूम है, दोनों चुप हैं. म्हणजे समद्या तळ्याला ठावं होतं, एक मलाच वाटत होतं की कुणाला ठावं न्हाय.

आता घाटावर कुणी धूत न्हाय, घरोघर यंत्रं आली, पायघड्यांना सतरंजी घालतात. पण घट बसले की मी काठी टेकत जातो आन दोन्ही दगड घासून ठेवतो, आधी त्याचा, मग माझा. औंदा बी गेलो होतो. पाखरू आलं, बसलं गुंडाप्पाच्या. मी म्हणलो, बस बाबा, सवयीची जागा हाय तुझी. आन मग, कुणी बघत न्हाय असं बघून, एक बारका खडा उचलला आन त्याच्या बाजूला टाकला, लागू नये असा. उडालं, माझ्या दगडावर आलं, दोनदा शेपूट हलवली, आन परत तिकडंच गेलं.

बसा, चहा घेऊन जा. तुमचं लिहिणं नीट होऊ दे, आन तुमच्या धुतलेल्या कपड्यावर कवा बगळा येऊ नये. परटाकडं ह्याच्यापेक्षा मोठा आशीर्वाद नसतो.